बसायचं कुठं?

मराठीत ‘बसणं’ या क्रियापदाचा एक अर्थ कुणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतो. ‘शनिवारी बसू या का?’ असं विचारल्यावर ‘कशाला?’ असं कुणी उलट विचारत नाही. बसायच्या जागाही ठरलेल्या असतात. परमिट रूम, हायवेचा धाबा, शेतातली पंपाची खोली, बायको माहेरी गेलेल्या मित्राचा फ्लॅट, आषाढ संपता संपता गटारीसाठी धरणाचा काठ. पिणाऱ्याला या राज्यात बसायला जागा कमी पडत नाही. मला विचारायचंय ते दुसऱ्याच माणसाबद्दल. कालपर्यंत पीत होता आणि आज संध्याकाळी सात वाजता प्यायची नाही असं ज्यानं ठरवलंय, त्यानं बसायचं कुठं?

हा प्रश्न मला पुस्तकं वाचून पडलेला नाही. माझा थोरला भाऊ साखर कारखान्यात फिटर. वीसेक वर्षं प्याला. आधी हंगाम संपल्यावर, मग पगाराला, मग रोज, आणि शेवटी शेवटी सकाळीच, हाताचा कंप थांबावा म्हणून. त्याच्या पाकिटात दारू पिण्याचा आजन्म परवाना असायचा, एका दोस्तानं थट्टेनं काढून दिलेला. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला आजही परवाना लागतो. तो एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आयुष्यभराचाही मिळतो. कायद्याचं नाव दारूबंदीचं आणि त्याच कायद्याखाली जन्मभर पिण्याची सोय, हा विनोद आता आपल्या अंगवळणी पडलाय.

दादाची दारू सोडवायला आम्ही काय काय केलं ते सांगतो, कारण बहुतेक घरांत हेच होतं. आईनं डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. ती नऊ दिवस टिकली. मग जोतिबाच्या पायरीवर शपथ झाली, ती थोडी जास्त टिकली. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात असते, त्यातली एक पुडी वहिनीनं आणली आणि आमटीत कालवली. त्या पुडीत काय होतं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. नुसता चुना असेल तर नशीब म्हणायचं. डायसल्फिरॅमसारखं औषध डॉक्टर देतात ते माणसाला सांगून, त्याच्या राजीखुशीनं देतात. कारण ते पोटात असताना दारू घेतली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि जीवही जाऊ शकतो. नवरा वाचावा म्हणून बाई हे करते आणि आपण त्याच्या जिवाशी खेळतोय हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

त्यानंतर माळ. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि देवाधर्मातला नाही, तरीही मला मनापासून वाटतं की आमच्या भागातला दारू सोडण्याचा सगळ्यांत जुना आधारगट म्हणजे वारकऱ्यांची माळ. माळ घातली की माणूस बदलतो तो तुळशीच्या मण्यांमुळे नाही. त्याला संध्याकाळी जायला एक ठिकाण मिळतं, म्हणून बदलतो. भजनाला टाळ धरायला हात लागतात, एकादशीला कुणी तरी वाट बघतं, आषाढीला दिंडीत नाव असतं. आणि मुख्य म्हणजे सगळं गाव म्हणतं, ‘त्यानं माळ घातलीय, त्याला आग्रह करू नका.’ ही शेवटची गोष्ट लाखमोलाची आहे. आपल्याकडे लग्नात, वरातीत, गाडी घेतल्यावर, बारशाला आणि दहाव्याच्या आदल्या रात्री ‘घे रे, एकानं काय होतंय’ म्हणणाऱ्याला तोंड द्यायला मनोनिग्रह पुरत नाही. गळ्यात दिसणारं काही तरी असावं लागतं.

दादाची माळ अकरा महिने टिकली. मग एका वरातीत मोडली. आणि इथंच त्या वाटेची मर्यादा उघडी पडली. माळ मोडणं हे पाप. गळ्यात माळ ठेवून प्याला म्हणून लोक बोलले, माळ उतरवली म्हणून बोलले. परत भजनाला जाऊन बसायचं तोंड त्याला उरलं नाही. जिथं त्याला सगळ्यांत जास्त गरज होती, तेच दार त्यानं स्वतःहून लावून घेतलं. पुन्हा घसरलेल्या माणसाला परत कसं घ्यायचं, याची रीत आमच्या गावाला ठाऊक नव्हती.

पुढची तीन वर्षं मी थोडक्यात आटोपतो. एका खासगी केंद्रात तीन महिने ठेवलं. तिथून रात्री गाडी येते आणि माणसाला उचलून नेते, घरच्यांनी फक्त सही करायची. पैसे गेले, दादा आठ किलो वाळून आला आणि आल्या दिवशी प्याला. त्या केंद्राबद्दल इथं जास्त लिहीत नाही. मग एका दिवाळीत त्यानं स्वतःच ठरवून एकदम बंद केली. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, घाम फुटला, फिट आली. आम्हाला वाटलं, बाहेरचं काही तरी आहे. कुणी तरी लिंबू उतरायला बोलवा म्हणालं. शेजारच्या पोरानं रिक्षा आणली म्हणून तो सिव्हिलला पोचला.

जो रोज भरपूर पितो त्यानं डॉक्टरला न विचारता एकदम बंद करणं धोक्याचं असतं, हे आम्हाला त्या रात्री कळलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येणं, भ्रम होणं, नाडी भरकटणं हे शरीराचं दारूवाचून होणारं तडफडणं असतं. त्याला औषध आहे. ते वेळेत मिळालं नाही तर माणूस दगावतो. ‘मनात आणलं तर आजपासून सोडेन’ असं म्हणणाऱ्याला आपण मर्द म्हणतो. खरं तर त्याला आधी दवाखान्यात न्यायला हवं.

सिव्हिलमधून सुटताना एका सिस्टरनं बाजूला घेऊन सांगितलं, ‘औषधानं अंगातली जाईल. मनातली जायला यांना एएला न्या.’ एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, हे मी ऐकून होतो. ‘कुठं असतं ते?’ मी विचारलं. त्यांना नक्की माहीत नव्हतं. ‘चौकशी करा, कुठं तरी भरतं,’ एवढंच त्या म्हणाल्या.

माझा लेख या ‘कुठं तरी’बद्दल आहे.

ते ‘कुठं तरी’ सापडायला आम्हाला सात महिने लागले. मी शिकलेला माणूस, हातात मोबाइल, तरी सात महिने. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात विचारलं, तिथं क्षयरोगाचा, कुष्ठरोगाचा, सर्पदंशाचा तक्ता होता. याचा नव्हता. इंटरनेटवर मिळालेला एक नंबर बंद होता. पोलीस पाटलांना विचारलं तर ते हसले. शेवटी जिल्ह्याच्या गावी, आमच्यापासून अडतीस किलोमीटरवर, एका चर्चमागच्या शाळेच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी सातला मीटिंग भरते असं कळलं. कुणाकडून कळलं? कारखान्याच्या गेटवरच्या रखवालदाराकडून. तो स्वतः सहा वर्षं तिथं जात होता. दादाबरोबर रोज एकाच गेटवर नमस्कार-चमत्कार होत होता आणि दोघांनाही एकमेकांचं काहीच ठाऊक नव्हतं.

त्या खोलीवरून मी शंभरदा गेलो असेन. त्याच गल्लीत देशी दारूचं दुकान आहे, ते मात्र पहिल्या दिवसापासून पाठ होतं.

पहिल्या गुरुवारी दादानं दारात चपला काढल्या आणि पुन्हा घातल्या. असं दोनदा केलं. वीस वर्षं दुकानाच्या खिडकीत भर उजेडात हात घालायला तो कधी लाजला नव्हता, इथं मात्र त्याला घाम फुटला होता. मला म्हणाला, ‘तू जा चहाच्या गाड्यावर. कुणी बघितलं तर म्हण, शाळेच्या कामाला आलोय.’ आतून एक गृहस्थ आले, पासष्टीचे असतील. त्यांनी नाव-गाव काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, ‘या, चहा झालाय.’ दादा आत गेला.

आत काय होतं हे मला वर्षभरानं, ओपन मीटिंगला जायला मिळालं तेव्हा दिसलं. घरच्यांना आणि बाहेरच्यांना चालते ती ओपन, फक्त पिणाऱ्यांसाठी असते ती क्लोज्ड. बघण्यासारखं तसं काही नसतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांचा आणि गट चालवण्याच्या बारा परंपरांचा तक्ता, बिस्किटांचा पुडा. एक जण मीटिंग चालवतो, आळीपाळीनं. कुणी तरी प्रस्तावना वाचतो. मग ज्याला बोलायचंय तो उठतो, पहिलं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि स्वतःबद्दल बोलतो. याला शेअरिंग म्हणतात. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, ‘मी तुला सांगतो ना’ म्हणत नाही. महाराष्ट्रात दीड तास एकही माणूस दुसऱ्याला सल्ला देत नाही अशी ही माझ्या पाहण्यातली एकमेव बैठक. नव्यानं आलेल्यावर बोलायची सक्ती नसते. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. खोलीचं भाडं आणि चहा त्यातूनच. फी नाही, फॉर्म नाही, जात-धर्म-पगार विचारणं नाही. दारू सोडायची इच्छा हवी, सभासद व्हायला एवढीच अट. तिथं लोक काय बोलले ते मी लिहिणार नाही. ऐकलेलं तिथंच ठेवून यायचं असतं.

दादा पहिल्या पाच महिन्यांत दोनदा घसरला. त्यांच्या भाषेत स्लिप झाली. दुसऱ्या वेळी तो जायलाच तयार नव्हता, माळेची आठवण ताजी होती. रखवालदार घरी आला आणि म्हणाला, ‘फिटरसाहेब, गुरुवार आहे.’ बस्स, तेवढंच. खोलीत गेल्यावर लोकांनी टाळ्या वाजवून ‘परत आलात, बरं झालं’ म्हटलं, असं दादानं मला एसटीत सांगितलं आणि खिडकीकडं तोंड करून बसला. माळेत आणि मीटिंगमध्ये मला दिसलेला खरा फरक हा. संगत दोन्हीकडं आहे, पण घसरून परत येणाऱ्यासाठी खुर्ची ठेवायची सवय इथं आहे.

आता कुणी म्हणेल, हे सगळं तुमच्या भावापुरतं झालं, पुरावा काय? प्रश्न योग्य आहे. कॉक्रेन ही वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणारी संस्था आहे. तिनं २०२० साली २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून जास्त माणसांचा आढावा प्रसिद्ध केला. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार, दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, इतर नावाजलेल्या मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. बाकीच्या बऱ्याच बाबतींत ते बरोबरीचे निघाले. त्या वाक्यातले ‘पद्धतशीरपणे जोडून देणारे’ हे शब्द महत्त्वाचे. अमेरिकेत १९८१ साली एक छोटासा प्रयोग झाला होता. वीस रुग्ण. काहींना समुपदेशकानं मीटिंगची माहिती दिली आणि जा म्हणून सांगितलं. बाकीच्यांच्या समोरच समुपदेशकानं एएतल्या एका माणसाला फोन लावला, दोघांचं बोलणं करून दिलं, आणि त्या माणसानं ‘मी तुम्हाला बरोबर नेतो’ म्हणून सांगितलं. ज्यांना फोन लावून दिला ते सगळे मीटिंगला गेले. ज्यांना नुसतं सांगितलं त्यांतला एकही गेला नाही. वीस माणसांवरून जगाचे नियम ठरत नाहीत हे मी वर्गात मुलांना शिकवतो. पण हा निकाल वाचून मला सिव्हिलच्या त्या सिस्टर आणि त्यांचं ‘कुठं तरी’ आठवलं. त्यांच्या टेबलावर चिकटवलेला एक नंबर असता तर आमचे सात महिने वाचले असते.

एए उभी राहिली तीही डोळ्यांसमोर असलेल्या एका यादीमुळे. १९३५च्या मे महिन्यात बिल नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल ओहायोतल्या ॲक्रन गावी धंद्याचा सौदा फिसकटून हॉटेलच्या लॉबीत उभा होता. पाच-सहा महिने त्यानं दारूला शिवलेलं नव्हतं. लॉबीच्या एका बाजूला बार होता, आतून हसण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूला गावातल्या चर्चची नावं लिहिलेला एक फलक आणि फोन. तो फोनकडं गेला. आपण बोलू शकू असा एखादा दारुडा या गावात आहे का, असं विचारत सुटला. त्यातून बॉब नावाच्या सर्जनची गाठ पडली. बॉब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आला आणि रात्री उशिरापर्यंत बसला. १० जून १९३५ला बॉबनं शेवटचा घोट घेतला, तो दिवस एएचा स्थापनादिवस मानतात. लॉबीत तो फलक नसता तर बिल कुठं गेला असता, याचा मी अनेकदा विचार करतो. आपल्या एसटी स्टँडवर, आरोग्य केंद्रात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बारची बाजू तयार आहे. फलकाची बाजू कोरी आहे.

देशाचं चित्र काय आहे? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं एम्समार्फत करून घेतलेली पाहणी २०१९ साली आली. त्यात दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांचा आकडा जवळपास तीन कोटी निघाला. त्यांच्यापैकी अडतिसांत एकाला कसली तरी मदत मिळाली होती. भरती होऊन उपचार मिळाले ते एकशे ऐंशीत एकाला. म्हणजे उरलेले सदतीस जण आईच्या शपथेवर, जोतिबावर आणि आमटीतल्या पुडीवर.

आणि आपण सार्वजनिक चर्चा कशाची करतो? दारूबंदी हवी की नको. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली, २०२१ साली उठली, दोन्ही वेळा वर्तमानपत्रांची पानं भरली. वर्ध्याची आणि गडचिरोलीची बंदी चालू आहे, तिच्यावरही वाद होतात. बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली की फोटो येतात, ते यायलाच हवेत. पण बंदीवाले आणि महसूलवाले यांच्या भांडणात एक माणूस दोन्ही बाजूंना दिसत नाही. ज्याला सोडायचीय तो. एकाच्या लेखी तो बळी आहे, दुसऱ्याच्या लेखी गिऱ्हाईक. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता त्याला काय हवंय, हे कुणी विचारत नाही. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूविरोधी उपक्रमानं बंदीबरोबर गावात व्यसनी माणसांची शिबिरं आणि तालुक्याला उपचाराची सोय जोडली, ते मला म्हणूनच शहाणपणाचं वाटतं.

२७ जानेवारी २०२२ हा दिवस मला लक्षात राहिलाय. त्या सकाळी डॉ. अनिल अवचट गेले. १९८६ साली त्यांनी आणि डॉ. अनिता अवचटांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीनं, पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं आणि व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून आजारी आहे हे मराठी मध्यमवर्गाच्या गळी उतरवलं. त्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळानं हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला. तो पुढं बारगळला ही गोष्ट वेगळी. आणि थोडं मागं जा. टाळेबंदीत ४ मे २०२०ला दारूची दुकानं उघडली तेव्हाच्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या, पुढं घरपोच सोयही झाली. त्या दिवसांत देवळं बंद होती, शाळा बंद होत्या, दादाची खोलीही बंद होती. महसूल थांबू शकत नाही हे मला कळतं. पण बाटली घरपोच देणाऱ्या शासनाला मीटिंगचा पत्ता घरपोच देणं का सुचलं नाही, हे कळत नाही. मीटिंगवाल्यांनी आपापसांत मोबाइलवर जुळवून घेतलं. दादा रोज रात्री जिन्यात बसायचा, कारण रेंज तिथंच यायची.

मग माझी मागणी काय? फार मोठी नाही, आणि म्हणूनच ती मान्य होत नसावी.

शासनानं मीटिंग चालवू नयेत. हे आधी स्पष्ट करतो, कारण आपल्याकडं कुठलीही चांगली गोष्ट दिसली की तिचं अभियान होतं, समिती होते, उद्घाटनाला पालकमंत्री येतात आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांचे फोटो निघतात. जिथं नाव गुप्त ठेवणं हाच पाया आहे तिथं फोटो निघाला की संपलं. शिवाय एएच्या परंपरेप्रमाणे ते बाहेरून देणगी घेत नाहीत. अनुदान दिलं तरी परत करतील, आणि बरोबर करतील. त्यांना हवी असते ती जागा, तीही भाडं देऊन. प्रत्येक तालुक्यात समाजमंदिर आहे, झेडपीची शाळा आहे, सार्वजनिक वाचनालय आहे. संध्याकाळी सातनंतर त्यांना कुलूप असतं. आठवड्यातून दीड तास ते कुलूप उघडायचं, एवढंच. आज बऱ्याच मीटिंग चर्चच्या आवारात भरतात, कारण जागा त्यांनी दिली. त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण गावाकडच्या माणसाला तिथं जाताना ‘धर्म बदलायला लावतील का’ अशी भीती वाटते, दादालाही वाटली होती. समाजमंदिरानं ती जागा दिली असती तर ही भीती आली नसती.

दुसरी गोष्ट यादीची. जिल्ह्यातल्या मीटिंग, त्यांचा वार, वेळ, भाषा, ओपन की क्लोज्ड, एक चालू फोन नंबर. हा कागद प्रत्येक आरोग्य केंद्रात, सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत, पोलीस ठाण्यात आणि जमल्यास दुकानाच्या खिडकीशेजारीही. व्यसनमुक्तीची १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसची १४४१६ आहे. हे आकडे किती जणांना पाठ आहेत? आणि कागद लावून थांबायचं नाही, त्या १९८१च्या प्रयोगातल्यासारखा समोर फोन लावून द्यायचा. हे काम करायला मोठा डॉक्टर लागत नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी तीन-चार बैठकांत बोलून त्यांची दारू कमी केली. ३७७ पुरुषांवर घेतलेल्या त्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं छापले. ते पुरुष दादाइतके पुढं गेलेले नव्हते, हे खरं. पण साधा माणूस आरोग्य केंद्रात बसून हे बोलणं करू शकतो, एवढं त्यातून ठरलं.

तिसरी गोष्ट ऐकून लोक हसतात. शेवटची एसटी. नव्या माणसाला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग करा म्हणून सांगतात. मुंबईत ते जमतं, एका स्टेशनवर नाही तर पुढच्या स्टेशनवर, मराठीत नाही तर हिंदीत. आमच्याकडं आठवड्याला एक मीटिंग, ती साडेआठला संपते आणि आमच्या गावची शेवटची गाडी आठ वाजून वीस मिनिटांनी सुटते. दादा पहिलं वर्षभर शेवटची वीस मिनिटं सोडून पळत यायचा, किंवा मी मोटारसायकल घेऊन जायचो. ज्याला मोटारसायकलवाला भाऊ नाही त्यानं काय करायचं?

या सगळ्याविरुद्ध दोन आक्षेप मला खरे वाटतात. एक देवाचा. बारा पायऱ्यांत देव आहे, ‘आम्हाला उमगलेला’ अशी पुस्ती जोडलेली असली तरी आहे. शेवटी प्रार्थना असते. विवेकवादी माणसाला ते टोचतं, मलाही टोचलं. तिथले लोक म्हणतात, तुमच्यापेक्षा मोठी शक्ती म्हणून या खोलीलाच माना. काहींचं त्यावर भागतं, काहींचं भागत नाही, आणि ज्यांचं भागत नाही त्यांना खोटं ठरवायचं कारण नाही. परदेशात १९९४पासून स्मार्ट रिकव्हरीसारखे देव वगळलेले गट आहेत, मराठीत असा गट गावोगाव हवा. माझ्या जवळपास तरी नाही. तोवर मी ओळखीच्या नास्तिकांना सांगतो, खुर्चीवर बसा, प्रार्थनेच्या वेळी गप्प राहा, चहा प्या.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्या खोलीत मी एकही बाई पाहिली नाही. बायका पीत नाहीत म्हणून नव्हे. संध्याकाळचे सात म्हणजे चूल पेटवायची वेळ. पिणारी बाई सापडली तर तिला ‘आजारी’ म्हणायला कुणी तयार होत नाही. आणि पुरुषांनी भरलेल्या खोलीत ती काय बोलणार? घरच्या बाईलाही स्वतःची बैठक हवी. पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी, एएच्याच धर्तीवर पण वेगळी, अलअनॉन ही संघटना आहे, ती १९५१पासून. ‘मुक्तांगण’मध्ये बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. वहिनी एकदाच एका अलअनॉन मीटिंगला गेली, पुण्याला, बहिणीकडं गेलेली असताना. परत आल्यावर म्हणाली, ‘पुडी मी एकटीनंच नव्हती घातली.’ त्यानंतर ती पुन्हा जाऊ शकली नाही. तिच्यासाठी अडतीस किलोमीटरवरसुद्धा काही नाही. मागणी करताना मी दादाच्या खोलीपासून सुरुवात केली, खरं तर वहिनीच्या खोलीपासून करायला हवी होती.

दादाला गेल्या पावसाळ्यात चार वर्षं झाली. रखवालदार आता रिटायर झालाय. तालुक्यातले आणखी तिघे सापडलेत, त्यांतला एक आमच्याच शाळेतला शिपाई. पाच जण म्हणजे गट सुरू करायला पुरेसे. म्हणून गेल्या महिन्यात दादानं ग्रामपंचायतीत समाजमंदिराच्या लहान खोलीसाठी अर्ज दिला, दर सोमवार, सात ते साडेआठ. मी बरोबर होतो, पण या वेळी त्यानं मला चहाच्या गाड्यावर पाठवलं नाही. ग्रामसेवकांनी अर्ज वाचला, वर बघितलं, पुन्हा वाचला. रजिस्टरमध्ये ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ असा रकाना असतो. वाढदिवस, बचत गट, साखरपुडा असं काहीतरी त्यात लिहायचं असतं.

‘काय लिहू?’ त्यांनी विचारलं.

‘बैठक लिहा,’ दादा म्हणाला.

त्यांनी लिहिलं आणि पन्नास रुपयांची पावती फाडली. दादानं ती पाकिटात ठेवली.